भऱ्याच्या पोरांचा फुटबॉल

गेमचा रिमोट उघडला की आत रबराची एक पातळ पट्टी निघते. प्रत्येक बटणाखाली त्या पट्टीला एक फुगीर टोपी असते आणि टोपीच्या पोटात काळा ठिपका. बटण दाबलं की हा ठिपका खालच्या तांबड्या-हिरव्या पाटीला टेकतो आणि टीव्हीवरचा माणूस पळतो, वळतो, बॅट फिरवतो. हजारदा दाबून ठिपका झिजतो. मग गिऱ्हाईक ओरडतं, "काका, बटण मेलं!" आणि काका स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागतात.

ते काका म्हणजे मी. पिरंगुटच्या पुढे, घोटावडे फाट्यावर पिठाच्या गिरणीला लागून माझं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तीन टीव्ही, तीन मशिनं, भिंतीला टेकवलेली बाकं आणि काउंटरमागे माझी दुरुस्तीची टेबलवजा फळी. मी मूळचा बार्शीकडचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला आलो आणि इथलाच झालो. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा मिळालेल्या रकमेतून काय करावं यावर नातेवाइकांत बराच खल झाला. किराणा, झेरॉक्स, एसटीडी बूथ, सगळं सुचवून झालं. मी पार्लर टाकलं, कारण फाट्यावर ते नव्हतं. त्याआधी आयुष्यात मी एकही गेम खेळलो नव्हतो आणि पुढेही फारसा खेळलो नाही. हलवाई कुठे रोज पेढे खातो?

माझ्याकडे मुख्यतः खेळांच्याच सीडी होत्या. क्रिकेट, फुटबॉल, कुस्ती, मोटारींच्या शर्यती. मारामारीचे, बंदुकांचे गेम मी जवळजवळ ठेवलेच नाहीत. दोन मुलींचा बाप होतो आणि शेजारी गिरणीत बायाबापड्या येत होत्या. पण कोणता खेळ कोण निवडतो आणि का, हे कळायला मला फार वर्षं लागली. स्टोअरमधली सवय अशी, की कोणता माल हलतो आणि कोणता पडून राहतो हे आधी पाहायचं. माल हलण्यामागे कारण असतं, आणि कारण शोधलं की सापडतं, यावर माझा विश्वास होता. पुष्कळ कारणं सापडलीही.

पहिलं सापडलं ते नावांचं. एकदा मी पुण्यातून क्रिकेटची नवी सीडी आणली. मैदान असं, की गवताचं पातं न् पातं दिसावं. प्रेक्षक हलतायत, खेळाडूंची सावली पडतेय. मला वाटलं, जुनी सीडी आता कोणी हातात धरणार नाही. पोरांनी ती लावली, आपला संघ मैदानात उतरला, आणि पहिल्या फलंदाजाच्या नावापाशी सगळे अडले. बनवणाऱ्यांनी खऱ्या नावांची परवानगी घेतली नसावी. आडनावातलं एखादं अक्षर बदललेलं, नाव भलतंच.

"ह्यो कोन म्हनायचा?" एकानं विचारलं.

"तोच की. आपला ओपनर," मी म्हणालो.

"आपला असता तर नाव बदलून आला नसता. काढा काका."

गवत राहिलं गवताच्या जागी. जुनी, ठोकळ्यांसारखी माणसं असलेली पण बरोबर नावांची सीडी परत लागली आणि पुढची दोन वर्षं चालली.

दुसरं कारण वेळेचं. कारखान्यातली माणसं दुसऱ्या पाळीच्या आधी यायची. त्यांना कंपनीच्या बसआधी निकाल हवा असायचा, म्हणून ती पाच षटकांपलीकडे जात नसत. फुटबॉल त्यांना नको, कारण बरोबरी झाली की काय करायचं? तिसरं कारण आमच्या पार्लरच्या रिवाजाचं. हरेल त्यानं दोघांचे पैसे द्यायचे आणि उठायचं, जिंकेल त्यानं बसून राहायचं. हा नियम मी केला नव्हता, पोरांनीच आणला होता. त्यामुळे माणूस आवडीचा खेळ निवडायचा नाही, समोरच्याला हरवता येईल असा निवडायचा. एखादा पट्टीचा क्रिकेटवाला बसला असेल तर नवा येणारा हळूच म्हणायचा, "कुस्ती लावूया का?"

आणि काही गिऱ्हाइकं कुठल्याच हिशेबात बसायची नाहीत. इक्बालशेठ त्यांतले. पौडला त्यांचं कापडाचं दुकान. वय माझ्याएवढंच, पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट. मंगळवारी त्यांचं दुकान बंद, त्या दिवशी दुपारी ते मोटारसायकलवर माझ्याकडे यायचे. पौडला खेळताना दिसलो तर गिऱ्हाईक हसेल, म्हणून इतका लांबचा प्रवास. सीडींच्या एका गठ्ठ्यात फुकट आलेली गोल्फची एक सीडी होती, ती ते कोपऱ्यातल्या टीव्हीवर लावायचे. आवाज बंद करून. गोल्फचे नियम त्यांना माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. चेंडू बहुधा तळ्यात जायचा.

एकदा मी विचारलं, "शेठ, तळ्यातच घालवायचा तर एवढं नेम कशाला धरता?"

"तुम्हाला सांगतो," ते म्हणाले, "आठवडाभर मी गिऱ्हाइकाच्या पुढ्यात थानं उलगडतो. हा रंग नको, तो दाखवा, ह्याचा पन्हा कमी. हितं बघा. हिरवंगार रान, एक झाड, आणि कुणी काई बोलत न्हाई."

मी ही सीडी त्यांच्यासाठी वेगळी ठेवायला लागलो. खेळ निवडताना माणूस खेळच निवडतो असं नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण एका गिऱ्हाइकावरून निष्कर्ष काढू नये, अशीही माझी एक शिस्त होती.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट.

फाट्यावरून आत गेलं की भरे गाव. शेती होती आणि घरटी एखादा तरी पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला. भऱ्याची पाच-सहा पोरं माझी पक्की गिऱ्हाइकं. पोरं म्हणतोय, पण सगळी कमावती, त्यांतल्या दोघांची लग्नं झालेली. गावच्या टेनिस बॉलच्या संघात ती खेळायची. जत्रेच्या वेळी भऱ्याच्या माळावर स्पर्धा भरायची. दत्ता त्यांचा कप्तान. दुधाचा धंदा, तोंड फाटकं, मन चांगलं. आणि बबन त्यांचा बॉलर. बबन खरा वेगवान. सहा फूट उंच, एका कंपनीत पॉवर प्रेसवर कामाला. माझ्या पार्लरमध्येसुद्धा तो गोलंदाजीच मागायचा. त्याच्या हातात रिमोट दिला की फुलीच्या, म्हणजे चेंडू टाकायच्या, बटणाचा ठिपका महिन्यात जायचा. सगळे चेंडू आखूड टाकायचा, पडद्यावरच्या फलंदाजाच्या छातीवर. ह्या संघाचा गोंगाट इतका, की गिरणीवाला मध्ये येऊन म्हणायचा, "माजी गिरन बंद पडली का चालूय तेबी कळंना झालंय."

एका उन्हाळ्यात प्रेसनं बबनच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं नेली.

बरेच दिवस भऱ्याचं कोणी फिरकलं नाही. मग एका सकाळी बबनची बायको शोभा गिरणीत दळणाचा डबा ठेवून माझ्या दारात आली. आधी कधी आली नव्हती. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "काका, ते हितं येत होते ना?"

"येत होता. कसा आहे आता?"

"जखम भरली. पर घरात भिंतीकडं तोंड करून बसत्यात. हातावर टॉवेल टाकत्यात, माज्यासमोर बी काढत न्हाईत. कंपनीवाल्यांनी निरोप धाडलाय, स्टोअरला हलकं काम देतो म्हनून. दिवाळीपतुर जागा ठेवू म्हनले, मग दुसरा घेनार. जातच न्हाईत. म्हनत्यात, चार मानसांत ह्यो हात कसा काढू?" तिनं पदर सावरला. "दत्ताभाऊजी म्हनले हितं आनतो. तुमी काई बोलू नका त्यांना. येऊ द्या नुस्तं."

मी हो म्हणालो. स्टोअरचं काम मी केलं होतं. तिथे दिवसभर माणसांच्या पुढ्यात हातच करावा लागतो. वस्तू द्यायची, घ्यायची, सही करायची. तिची भीती खोटी नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात सहा आसनी रिक्षातून बबन उतरला. उजव्या हातावर पंचा. दत्तानं मोठ्यानं म्हटलं, "काका, फुटबॉल लावा!"

मला नवल वाटलं, पण लावला. फुटबॉलमध्ये एक सोय होती. दोन रिमोट घेऊन दोघांना एकाच बाजूनं खेळता यायचं. दत्ता आणि बबन एकीकडे, उरलेल्यांतले दोघे दुसरीकडे. बबन रिमोट मांडीवर ठेवायचा, डाव्या अंगठ्यानं खेळाडू पळवायचा आणि पंचाखालून उरलेल्या बोटांनी जमेल तसं एखादं बटण दाबायचा. चेंडू बहुतेक दत्ताच खेळायचा. कोणाचं काय चुकलं ते बाहेरून कळायचं नाही.

पुढे ती मंडळी नियमानं यायला लागली आणि बहुतेक वेळ फुटबॉल. मी काउंटरमागे रिमोट उघडून बसायचो. आता फुलीचे ठिपके टिकायला लागले आणि रिमोटच्या मागच्या अंगाचं, पहिल्या बोटाखालचं बटण जायला लागलं. फुटबॉलमध्ये जोरात पळायचं बटण ते. ठिपका खोटं बोलत नाही. मी निष्कर्ष काढला, की भऱ्याच्या पोरांना फुटबॉलची गोडी लागली. आज भरे, उद्या पिरंगुट. मी पुण्याला जाऊन फुटबॉलच्या आणखी दोन सीडी आणल्या, आणि एकाच मशिनला चार रिमोट लागतील असा एक जोडही आणला. तो महाग होता. दारावर फुटबॉलचं मोठं चित्र लावलं.

संध्याकाळी बायकोनं चित्र पाहिलं. ती हिशेब मांडत नाही, तरी तिचा बहुधा चुकत नाही. म्हणाली, "भऱ्यात गोलाचं जाळं कोणाच्या रानात बांधलंय?"

"अजून नाही बांधलं. पण आवड अशीच सुरू होते."

"जत्रेत स्पर्धा कशाची आहे या वर्षी?"

"क्रिकेटची."

"बरं," एवढंच म्हणून ती भाजी निवडायला बसली.

माझे डोळे उघडले ते इक्बालशेठनी. एका मंगळवारी ते कोपऱ्यात त्यांच्या हिरव्या रानात होते आणि भऱ्याची मंडळी मधल्या टीव्हीवर. खेळ संपवून शेठ काउंटरवर आले, पैसे दिले, आणि जायच्या ऐवजी वाकून हळू आवाजात म्हणाले, "पोरं आजारी हायेत का?"

"का?"

"मी हितं शांततेसाठी येतो. मला आवाज लगेच कळतो. आधी ही मंडळी आली की मला उठून जावं लागायचं, इतका कालवा. आत्ता गोल झाला. बघितलंत? कुणी ओरडलंच न्हाई. ज्यानं खाल्ला त्यानं शिवी दिली न्हाई, आन् ज्यानं मारला तो हसला न्हाई." त्यांनी टोपी सारखी केली. "मनापासून आवडलेलं कापड आन् लग्नात घ्यावंच लागतंय म्हणून घेतलेलं, मला गिऱ्हाइकाच्या बोटांवरनं कळतं. ह्यांना ह्यो खेळ आवडत न्हाई."

शेठ गेले. मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि त्या दिवसापासून फळीवर मान घालून बसायच्या ऐवजी समोर पाहायला लागलो.

पाहिलं तर साधं होतं. बबन नसला की ही मंडळी क्रिकेटच लावत होती. एक जण दाराशी उभा. फाट्यावर सहा आसनी थांबली आणि त्यातून बबन उतरला, की दारातला म्हणायचा "आला", आणि चालू षटक अर्धं टाकून सीडी बदलली जायची. मी मागतील ती सीडी लावून पुन्हा खाली मान घालायचो, मला वाटायचं सामना संपला. ज्याचा हात गेला त्या बॉलरसमोर क्रिकेट नको, एवढाच त्यांचा विचार. कोणी तो ठरवला नव्हता. एकानं केलं, बाकीच्यांनी ओळखलं.

दोनच दिवसांनी बबन एकटाच लवकर आला. मंडळी यायची होती. मी विचारलं, "काय लावू?"

"फुटबॉल. पोरांस्नी त्योच लागतो."

"आणि तुला?"

त्यानं दारावर मी लावलेल्या चित्राकडे पाहिलं. "खरं सांगू काका? मला त्यो आपसाईडचा नियम अजून कळला न्हाई. लई कट्टाळा येतो. पर पोरं क्रिकेट इसरली. मी न्हाई, तर बॉलिंग कोन टाकनार? मोडला संघ माज्यापायी. आता त्यांना नव्या खेळाची गोडी लागलीया तर मी कशाला मधी नाट लावू?"

तो त्यांच्यासाठी खेळत होता, ते त्याच्यासाठी. माझ्या पार्लरमध्ये सहा माणसं दिवसाआड येऊन, पैसे देऊन, कोणालाच नको असलेला खेळ खेळत होती. आणि मी त्यावर चार रिमोटांचा जोड आणला होता.

आता मी काय करायला हवं होतं? एका गिऱ्हाइकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही हा माझा नियम. शोभाला शब्द दिला होता, की त्याला काही बोलणार नाही. दोन्हीकडून तोंड बंद. पण दुकान माझं होतं. कोणता माल फळीवर ठेवायचा हे तर माझ्या हातात होतं.

मंडळी आली. दत्ता म्हणाला, "लावा काका."

"फुटबॉल नाही आज."

"खराब झाली का सीडी?"

"चांगली आहे. मी लावत नाही. क्रिकेट आहे, कुस्ती आहे, शर्यती आहेत."

दत्तानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या दुधात पाणी निघालं म्हणालो होतो. मग त्यानं चप्पल सरकवली. "चला रं. उद्या येऊ. मला आज धारंला लौकर जायाचंय."

सगळे उठले. बबन उठला नाही.

"का रं दत्ता?" तो म्हणाला. "क्रिकेट म्हनल्यावर धार आठवली?"

"तसं न्हाई."

"मग कसं? मी हाय म्हनून?"

दत्ता चपलेत पाय घालत राहिला. बबननं पंचा काढला आणि बाकावर ठेवला. आम्ही सगळ्यांनी तो हात पहिल्यांदा पाहिला. करंगळी आणि शेजारचं बोट, पुढे गुलाबी, ओढल्यासारखी कातडी. तो हात त्यानं माझ्यापुढे केला. "रिमोट द्या, काका. क्रिकेटच लावा. दत्ता, बस. तू टाक."

मी रिमोट दिला.

दत्ता बसला. पहिला चेंडू त्यानं असा हळू टाकला, की पडद्यावरच्या यष्टिरक्षकालाही लाज वाटावी. बबननं मांडीवरच्या रिमोटचं बटण उरलेल्या बोटानं दाबलं आणि फटका बरोबर बसला. चेंडू मोकळ्या जागेत गेला. पण धाव घ्यायला लगेच दुसरं बटण दाबावं लागतं. बोट तिथपर्यंत जाईस्तोवर समोरचा फलंदाज अर्ध्यात येऊन उभा राहिला. धावबाद. पुढचा फलंदाज आला, पुन्हा तेच झालं. कोणी ओरडलं नाही. एक जण छताकडे पाहत होता. मला वाटलं, मी आगाऊपणा केला. फुटबॉल लावायला हवा होता.

तेवढ्यात बबन म्हणाला, "रनर द्या मला."

"काय?" दत्ता.

"रनर. जखमी फलंदाजाला रनर मिळतोय. मी शॉट मारतो, पळायचं बटन दुसरा कुनी दाबंल. जखमी हाय मी. दिसंना का?"

हा शब्द त्यानं स्वतःच उच्चारला होता. त्याच्यासमोर तो इतके महिने कोणी काढला नव्हता. दत्तानं त्याच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि एकदम त्याच्यातला कप्तान जागा झाला.

"मिळनार न्हाई," तो म्हणाला.

"का न्हाई मिळनार?"

"म्याचमधी लागलं तरच रनर मिळतोय. आधीची जखम असंल तर घरी बसायचं. गेल्या जत्रंला तूच त्या सूस गावच्या पोराला रनर दिऊ दिला न्हाईस. पाय मुरगळून आला व्हता बिचारा. तुजं म्याचमधी लागलंय का? तुजं तर कंपनीत लागलंय!"

मी डोळे मिटले.

"मग डूटीवरच लागलंय न्हवं?" बबन ओरडला. "का घरी झोपल्या झोपल्या लागलं?"

आधी हसला तो मंडळींतला सगळ्यांत शांत पिंट्या. तोंड दाबून, मग दाबता येईना म्हणून मोकळा. मग बबन हसला. मग सगळे, इतके, की गिरणीवाला दळण सोडून दारात आला. दत्ता हसत नव्हता. तो तावातावानं बोटांवर मोजून नियम सांगत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काका, तुमी सांगा," बबन म्हणाला. "अंपायर तुमी."

मला नियमाबाबत सूट देता येत नाही, हा माझा स्वभाव. मी म्हणालो, "नियमानं दत्ता बरोबर आहे. जखम सामन्यातली नाही. पण समोरच्या कप्तानानं राजीखुशीनं दिला तर रनर घेता येतो."

"देतो," दत्ता म्हणाला. "पर रनर मी निवडनार. पिंट्या, जा रं."

आता बबनचा चेहरा पडला. पिंट्या म्हणजे भऱ्याच्या संघातला जगप्रसिद्ध धावबाद. खऱ्या मैदानावर तो हो म्हणून नाही पळायचा आणि नाही म्हणून पळायचा. तो बबनला चिकटून बसला आणि एक बोट पळायच्या बटणावर टेकवून ठेवलं. दोन माणसं, एक रिमोट. पहिल्याच चेंडूवर बबननं "थांब!" म्हटलं आणि पिंट्यानं बटण दाबलं. धावबाद. त्यानंतर बबननं पिंट्याला, पिंट्याच्या खानदानाला आणि त्याला जन्माला घातलेल्या घटकेला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येत नाहीत. गिरणीतल्या बायकांसाठी मी टीव्हीचा आवाज वाढवला. एरवी मी तो कमी करायचो.

त्यानंतर भऱ्याच्या पोरांचा फुटबॉल संपला. चार रिमोटांचा जोड माझ्या फळीखाली पडला. बबन दिवाळीआधी कंपनीच्या स्टोअरला हजर झाला. पहिल्या दिवशी जाताना माझ्याकडे थांबला आणि डाव्या हातानं सही कशी बसवायची ते विचारलं. मी म्हणालो, सही म्हणजे अक्षर नव्हे, रोज सारखी आली म्हणजे झाली. त्यानं माझ्या काउंटरवर वर्तमानपत्राच्या कडेला सही करून दाखवली. वाकडी होती, पण सारखी होती.

पुढे काही वर्षांनी फाट्यावरची जागा सोडून मी सूसला दुकान घेतलं. तिकडे सोसायट्या उभ्या राहत होत्या. हिंजवडीत नोकरी आणि जांबे गावात चौघांत एक खोली, अशी मुलंही मोटारसायकलवर यायची. कोणी लातूरचा, कोणी अकोल्याचा, कोणी बिहारचा. त्यांच्यात फुटबॉल खरोखर चालला आणि चार रिमोटांचा तो जोड अखेर कामाला आला. पण कारण मी आता ठिपक्यांत शोधलं नाही. क्रिकेट लावलं की ती मुलं आपापल्या गावच्या गोष्टी काढायची, मग वाद आणि मग गप्प. फुटबॉल कोणाच्याच गावचा नव्हता, म्हणून तो चौघांचा होता. घरोघरी संगणक आणि वेगवान इंटरनेट आलं तसं गिऱ्हाईक कमी झालं आणि दोन हजार दहाच्या सुमाराला मी दुकान मिटवलं. शेवटी शेवटी एखादा नवखा मुलगा सीडींच्या फळीसमोर उभा राहून विचारायचा, "अंकल, सगळ्यात भारी गेम कोणता?" मी त्याला उलट विचारायचो, "बरोबर कोण आहे?" त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही.

एक सांगायचं राहिलं. बबन कामावर लागला त्याच्या पुढच्या जत्रेला मी भऱ्याच्या माळावर स्पर्धा पाहायला गेलो होतो. दत्तानं बबनला संघात घेतलं होतं. गोलंदाज म्हणून नाही. लांब सीमारेषेवर, बाभळीपाशी उभं केलं होतं. बायका कडेला चादर टाकून बसल्या होत्या, त्यांत शोभा होती. मी तिथेच उभा होतो. सामना अटीतटीला आला आणि एक उंच झेल बबनकडे गेला. तो बरोबर खाली आला, डावा हात वर, उजवा त्याला आधार. चेंडू हातात बसला आणि निसटला.

मग मैदानाच्या मधून दत्तानं तोंड उघडलं. अंगठा गेलेल्या माणसाला नव्हे, झेल सोडलेल्या माणसाला द्यायच्या त्या शिव्या, पूर्ण मापानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बबनही हात हलवून उलट ओरडत होता, की ऊन डोळ्यांवर आलं.

शोभा उठून उभी राहिली होती. "काका," ती म्हणाली, "भांडान झालं का हो त्यांचं?"

"नाही," मी म्हणालो. "खेळतायत."

ती पुन्हा चादरीवर बसली आणि शेजारणीला म्हणाली, "ऊन तर पाठीमागनं येतंया. उगं काईतरी सांगत्यात."